मंजे, कुणाची तरी फॅन हो

प्रिय मंजे,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला. आधी उत्तर बोलूनच पाठवणार होते, पण हे बोलून होण्यातलं नाही, म्हणून लिहायला बसले. तू म्हणालीस की हिंजवडीला जाता-येता कानात सतत काहीतरी वाजत असतं, पण रात्री कुणी विचारलं आज काय ऐकलंस तर एक नाव सांगता येत नाही, आणि वर हेही म्हणालीस की फॅनबिन असायचं आपलं वय गेलं आता. पहिलं मला कळलं, दुसरं अजिबात पटलं नाही. माझ्या मते खरं फॅन व्हायचं वय चाळिशीनंतरच सुरू होतं. तोवर आपल्याला गाणं आवडत असतं, ते गाणारं माणूस कशाकशातून गेलंय हे कळायला आपण पण थोडं कशातून तरी गेलेलं असावं लागतं.

माझं सांगते. मी कुमारजींची, म्हणजे गायक कुमार गंधर्वांची फॅन आहे, गायिका किशोरीताई आमोणकरांची आहे, सुमित्रा भाव्यांच्या सिनेमांची आहे आणि आमच्या आत्याच्या पांढऱ्या रश्श्याची आहे. ही चारही नावं मी एकाच दमात घेते, कुणाला त्यात चमत्कारिक वाटलं तर वाटू दे.

कुमारजींपासून सुरू करते, कारण तिथे माझं मन सगळ्यात जास्त अडकलंय. बेळगावजवळचं सुळेभावी हे त्यांचं जन्मगाव, म्हणजे आपल्या कोल्हापूरपासून काही फार लांब नाही. जन्म १९२४ चा. खरं नाव शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसं गायचे, लोक थक्क व्हायचे, मग मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला राहिले. सगळं मस्त चाललेलं आणि ऐन विशीत टीबी झाला. तेव्हाचा टीबी म्हणजे काय ते आपल्या आजीच्या पिढीला विचार. हवापालटासाठी देवासला गेले, माळव्यात, आणि तिथे वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून, गायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. विचार कर ना, लहानपणापासून ज्यानं फक्त गाणंच केलं त्या माणसाला गायचं नाही म्हणून सांगितलंय! मग स्ट्रेप्टोमायसिन आलं, त्यानं जीव वाचला, पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं ते झालंच.

आता बघ, खरी गोष्ट इथे सुरू होते. अंथरुणात पडल्या पडल्या त्या माणसानं काय केलं, तर कान दिला. खिडकीबाहेरून बायका गाणी म्हणत जायच्या, जोगी निर्गुणी भजनं म्हणत जायचे, ते सगळं ऐकलं, मनात साठवलं. एकदा उठून बसल्यावर त्या लोकधुनांच्या पोटात दडलेले राग शोधून काढले. लगनगंधार, मालवती, संजारी ही त्यातली नावं. आणि १९५३ च्या सुमाराला जेव्हा पुन्हा मैफलीत बसले तेव्हा लांब दमाच्या तानांचा हव्यासच नाही. छोटी छोटी वाक्यं, एकदम एखादा स्वर भाल्यासारखा वर फेकलेला आणि मग शांतता, त्या वेळात तानपुरे बोलतात. लोक म्हणतात दम पुरत नव्हता म्हणून तसं गायचे. असेल, सुरुवात तिथून झाली असेल. पण मला तरी ऐकताना कुठेही काही कमी पडल्यासारखं वाटत नाही, उलट ती शांतता नसती तर तो स्वर इतका लागला असता का, असं वाटतं. घराण्याची चौकट मोडली म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा पुष्कळ होते. कुमारजी गात राहिले, १९९२ च्या जानेवारीत देवासलाच वारले.

हे सगळं माहीत झाल्यावर मी त्यांचं निर्गुणी भजन ऐकते तेव्हा वेगळंच ऐकू येतं ग. हंस एकटा उडून जाणार हे म्हणणारा माणूस तो दरवाजा उघडलेला स्वतः बघून आलाय.

आणि तानपुरे! ते लावण्यात कुमारजी किती वेळ घालवायचे याच्या गोष्टी ऐकल्यावर मला राहवेना, एका रविवारी सकाळची गाडी पकडून मिरजेला गेले. अख्ख्या देशातले गवई जिथून तानपुरे नेतात ते आपल्यापासून तासाभरावर आणि आपण मिरज म्हटलं की फक्त जंक्शन आणि दवाखाने एवढंच म्हणणार, हे बरोबर नाही. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात वाचलं असशील.) भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, तिथल्या नदीकाठच्या शेतात पिकवलेले, ते वाळवून, कापून त्यावर लाकडी दांडी बसवतात. पण मी बघत बसले ती जवारी, म्हणजे तारेचा आवाज घुमता करायचं काम. एक वयस्कर कारागीर मांडीवर तानपुरा घेऊन बसलेले, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, बारीक कानस फिरवायचे, फुंकर मारायची, तार छेडायची, मान हलवायची, परत कानस. मग तारेखाली सुती दोरा सरकवला. आधी तार नुसती टण् करून वाजत होती. दोरा इकडून केसभर, तिकडून केसभर सरकवत गेले आणि एका जागी आल्यावर, मंजे, तो आवाज उघडला बघ. एका तारेतून चार स्वर असल्यासारखा, दुकानभर पसरला. ते काहीच बोलले नाहीत, दोऱ्यावर बोट ठेवून तसेच ऐकत बसले. मी पण. आता कुठलीही रेकॉर्डिंग लावली की गाणं सुरू व्हायच्या आधीचा तानपुरा मी कधीच पुढे ढकलत नाही.

किशोरीताईंचं तुला सांगायला नको, पुण्यात रमणबागेत आपण दोघी शेजारी शेजारी बसून ऐकलंय, सवाई गंधर्व महोत्सवाला, स्वेटर घालून, मागे कुणीतरी कुजबुजलं तर तू वळून असं बघितलंस की ती बाई पुढचा तासभर श्वाससुद्धा हळू घेत होती. त्यांच्याबद्दल लोक पहिलं काय सांगतात तर चिडक्या होत्या, प्रेक्षकांवर रागवायच्या. मला ते ऐकून आता वाईट वाटतं. ज्या बाईला पंचविशीच्या आसपास काही काळ आवाजच सोडून गेला होता, तिनं परत आलेला आवाज जपून, आधी पूर्ण शांतता मागून, मग रागाच्या समोर ठेवायचा ठरवलं तर तिचं काय चुकलं? आई मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे घरात शिस्त काय असेल बघ. आणि गाणं जयपूर घराण्याचं, अल्लादियाखाँसाहेबांचं, जे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारात होते! त्या खाँसाहेबांचा आवाज पण ऐन उमेदीत बसला होता, आणि राहिलेल्या आवाजाला झेपेल अशी ती पेचदार गायकी त्यांनी नव्यानं बांधली असं सांगतात. कुमारजी, किशोरीताई, खाँसाहेब, तिघांचंही तेच. मी हे ठरवून नाही निवडलं, माणसं आधी आवडली आणि मग वाचता वाचता हे सापडत गेलं. पण आता वाटतं, मला ओढ लागते ती ह्याचीच, वाट बंद झाल्यावर जे उरलं त्यातून नवीन काढणाऱ्यांची.

सुमित्राताई पण त्यातल्याच. वाट बंद झाली असं नाही म्हणणार, पण सिनेमाचं शिक्षण नाही, समाजकार्य शिकवणारी बाई, आणि पहिली शॉर्ट फिल्म ‘बाई’ केली १९८५ ला, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. मग सुनील सुकथनकरांसोबत ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’. कासवला सुवर्णकमळ मिळालं. मला सगळ्यात जवळचा ‘अस्तु’. आठवतंय का, मोहन आगाशे संस्कृतचे मोठे विद्वान, स्मृती जात चाललेली, मुलगी गाडीत बसवून जराशी खाली उतरते आणि हे रस्त्यात हत्ती बघून त्याच्यामागे चालायला लागतात. मुलीनं शोधून शोधून वेडं व्हायचं आणि इकडे माहुताची बायको त्यांना लहान लेकरासारखं जेवू घालते. अमृता सुभाषला त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर रडारड करून मोकळा झाला असता. इथे कुणी खलनायक नाही, कुणाला धडा शिकवायचा नाही, आजारी माणूस आणि त्याच्याभोवतीची दमलेली माणसं, दोघांकडेही सारख्याच मायेनं बघितलंय. माझ्या सासऱ्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी हा सिनेमा परत लावला होता, आणि त्या रात्री मला जो धीर मिळाला तो कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ ला गेल्या, कोविडच्या त्या भयंकर दिवसांत, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा ‘दिठी’ आला. ओळख नसलेल्या बाईसाठी मी घरातलं माणूस गेल्यासारखी रडले.

आता रस्सा. कोल्हापूरची म्हटल्यावर लोक गृहीत धरतात की तांबडा-पांढरा मला कुठलाही चालेल. नाही चालत. मी आत्याच्या पांढऱ्या रश्श्याची फॅन आहे. तिचं बघ कसं असतं, मटणाचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, निवांत शिजवून बाजूला काढायचं, खसखस, पांढरे तीळ आणि काजू भिजवून पाट्यावर गंधासारखं वाटायचं (मिक्सरला ती हात लावू देत नाही), अख्खा मसाला तुपात परतायचा, हळदीचा डाग नाही, लाल तिखटाचा कण नाही. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. आणि ते घातल्यावर आत्या कुणाशी बोलत नाही. गॅस बारीक, पळी एकाच दिशेनं, नजर पातेल्यात. कडेला बारीक बुडबुडे यायला लागले की त्याच क्षणी बंद, एक उकळी जास्त आली की फुटलं. फोन वाजू दे, दारात कुणी येऊ दे. मी तिच्या शेजारी उभी राहून ते बघते तेव्हा मला मिरजेचे ते काका आठवतात, अगदी तसंच थांबणं. हॉटेलात कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेला रस्सा वाटीत आला की मी बाजूला सारते, आणि जेवणाऱ्या सगळ्यांना का ते सांगते पण.

चटणी पण तिचीच. एप्रिलमध्ये जवारी (म्हणजे गावठी) आणि ब्याडगी मिरच्या आणून, देठं काढून, गच्चीवर कडकडीत वाळवून डंकावर न्यायच्या, नंबर लावून बसायचं, आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळू नये म्हणून डंकाच्या तोंडाशी उभं राहून बघायचं. खोकून खोकून जीव जातो पण आत्या हलत नाही.

तर मंजे, माझं म्हणणं एवढंच आहे की ते ॲप जे काही पुढे सरकवतंय ते थोडे दिवस बंद कर. एक माणूस निवड. कुणीही निवड, मी सांगितलेलंच पाहिजे असं काही नाही, तुला पूर्वी वसंतराव देशपांडे किती आवडायचे, तेच घे परत. मग त्याचंच ऐक, सुरुवातीचं, मधलं, उतारवयातलं, जे लोकांना आवडलं नाही ते पण. एकच राग त्यानं तरुणपणी कसा गायला आणि वीस वर्षांनी कसा, ते लागोपाठ ऐक. कुणाकडे शिकला, कशावरून भांडला, काय सोडलं ते वाच. पहिले काही दिवस कंटाळा येईल, येऊ दे. आणि मग एक दिवस ट्रॅफिकमध्ये नुसत्या आलापावरून तू सांगशील की हे अमुक सालाच्या मागेपुढचं आहे, आणि गाडीत बाकी कुणाला त्याचं काही नसेल, पण तुझा दिवस बनलेला असेल.

सुरुवात कुमारजींपासूनच करणार असशील तर भजनांच्या आधी मालवती ऐक, घाईत ऐकू नको, घरी, जेवण झाल्यावर. ऐकून झालं की फोन कर, मेसेज नको.

डिसेंबरात सवाईची तिकिटं निघाली की माझं पण काढ, मुकुंदनगरला, खुर्ची नको, भारतीय बैठकच. मी शुक्रवारी रात्रीच येते. चटणीचा डबा आत्यानं बांधून ठेवलाय, ती म्हणते मंजूला सांग फ्रीजमध्ये ठेवू नको म्हणावं, काचेच्या बरणीत दाबून भर आणि ओला चमचा लावू नको.

तुझी,
वैशा