घरट्यावर पहारा देणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानून झाले, पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आमच्या पक्षीवेड्या गटाबाहेरच्या लोकांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

नागपूरच्या धरमपेठेत जन्म गेलेल्या तुम्ही निवृत्तीनंतर लेकीकडे स्कॉटलंडला गेलात आणि ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या घरट्यावर पाळत ठेवणाऱ्या स्वयंसेवकांत नाव नोंदवलंत, याचंच आम्हाला आधी केवढं अप्रूप! आमच्यासाठी ऑस्प्रे म्हणजे हिवाळी पाहुणा. नागपूरच्या आसपासच्या तलावांवर येतो, पाय पुढे करून पाण्यात झेपावतो, मासा घेऊन वाळक्या झाडावर जाऊन बसतो आणि उन्हं तापायला लागली की निघून जातो. त्याचं घरटं, अंडी, पिल्लं हे सगळं आम्ही पुस्तकातच वाचलेलं. तुमच्या फोटोंनी आणि मराठीतल्या व्हॉइस मेसेजनी ते माझ्या शाळेतल्या मुलांपर्यंत पोहोचलं.

तो पावसाचा मेसेज मुलांनी कितीदा ऐकला असेल! मागे सरींचा आवाज, आणि तुम्ही हळू आवाजात सांगताय की मादीनं दोन्ही पंख पसरून पिल्लांवर धरलेत, स्वतः पार भिजली आहे, पण हलत नाही. दुसऱ्या एका फोटोत नरानं आणलेल्या माशाला डोकंच नव्हतं. मुलांना वाटलं, मासा अर्धवट कोणी हिसकावला. तुम्ही समजावलंत की नर बहुतेक वेळा डोक्याकडचा भाग आधी स्वतः खातो आणि उरलेला मासा घरट्यावर आणतो. पुढे डिसेंबरात गोरेवाडा तलावावर एका ऑस्प्रेनं आमच्यादेखत मासा पकडला. एक पाय पुढे, एक मागे, माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला. झाडावर बसून त्यानं डोक्यापासून खायला सुरुवात केली, तेव्हा सातवीतला एक पोट्टा ओरडलाच, "मॅडम, मावशीनं सांगतलं होतं तसंच!" मग त्यानं तुम्हाला विचारलं, "हा तुमच्याइकडलाच हाय काय?" त्याचं मन राखायला तुम्ही हो म्हणू शकला असता. तुम्ही नकाशा काढून पाठवलात. तुमचे पक्षी सेनेगल-गॅम्बियाकडे, पश्चिम आफ्रिकेत जातात. भारतात येणारे बहुतेक आशियाच्या उत्तर भागातून येतात. मुलांना खरं सांगितलंत, त्याबद्दल शिक्षिका म्हणून मी तुमची विशेष ऋणी आहे.

तुमच्याकडच्या लॉक गार्टन या तळ्याचा इतिहासही तुमच्याकडूनच कळला. शिकार आणि अंडी जमवणाऱ्यांचा हव्यास यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रेची घरटी दिसेनाशी झाली होती. 1954 मध्ये तिथे पुन्हा एक जोडी वीण करताना दिसली. 1958 मध्ये पहारा असूनही रात्रीच्या अंधारात चोर झाडावर चढला आणि अंडी गेली. घरट्यात बूटपॉलिशनं रंगवलेली कोंबडीची अंडी सापडली. पुढच्या वर्षी तिथल्या लोकांनी घरटं लपवून ठेवण्याऐवजी जनतेलाच दुरून ते बघायला बोलावलं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. ज्याला पक्षी बघायला मिळतो, तो त्याची काळजीही घेतो, हा विश्वास त्यामागे होता. तुम्ही आज जिथे पाळीनं बसता, नर किती वाजता मासा घेऊन आला, दुसरा ऑस्प्रे घरट्याजवळ फिरकला का, हे वहीत टिपता, त्याची सुरुवात तिथून झाली.

आणि आता खरे आभार. आमच्याकडे पावसाळा आला की नवरंग आणि स्वर्गीय नर्तक यांच्या घरट्यांसमोर कॅमेऱ्यांची गर्दी होते. फोटोत आडवी येते म्हणून फांदी बाजूला करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना काय बोलावं, हे मला सुचत नसे. तुम्ही तुमच्याकडचा नियम सांगितलात: ऑस्प्रेला घरट्यावर व्यत्यय येईल इतकं जवळ जायचं तर परवाना लागतो, म्हणून तुमचे सगळे फोटो ठरलेल्या जागेवरून, लांबूनच. कारणही साध्या शब्दांत सांगितलंत. माणूस जवळ आला की मादी उठते, आणि ती उठली की अंडी गार पडतात. ऑस्प्रेची अंडी सुमारे 37 दिवस उबवावी लागतात. थंड पावसात त्यातला अर्धा तासही महाग पडू शकतो.

मुलांनी हे इतकं मनावर घेतलं की आता आमच्या गटात घरट्याचा जवळून काढलेला फोटो कोणी टाकत नाही, टाकलाच तर मुलंच काढायला लावतात. नवरंगाचं घरटं सापडलं की ठिकाण कोणाला सांगायचं नाही, लांब बसून वहीत नोंद करायची. गेल्या पावसाळ्यात शाळेमागच्या झुडपातल्या एका घरट्यावर मुलांनी असा पहारा दिला. पिल्लं उडाली त्या दिवशी त्यांनी पहिला मेसेज तुम्हाला केला, मला नंतर.

त्या वहीची पानं सोबत पाठवते आहे. अक्षर गचाळ आहे, पण वेळा बरोबर आहेत. तिथल्या तुमच्या सोबत्यांना ती दाखवा आणि आमचे आभार पोहोचवा. मार्चअखेर तुमचा नर परत आला की पायातल्या कड्यावरची अक्षरं वाचून लगेच कळवा. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असली तरी चालेल.

तुमची,
नागपूरची एक शिक्षिका आणि तिची पक्षीवेडी मुलं