डोक्यावरचा भारा खाली टाकणाऱ्या मावशींना

सप्रेम नमस्कार मावशी,

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी भोरजवळच्या रोहिडा किल्ल्याच्या वाटेवर तुम्ही आमच्या बुंदीच्या नाकातलं कुसळ काढलंत. त्या वेळी मी तुमचे हात धरून नुसती उभी राहिले, बोलता काही आलं नाही. घरी आल्यापासून बोलायचं ते सगळं मनात साठलंय, म्हणून लिहायला बसले. तुमच्या मुलाच्या फोनवर हे पाठवतेच आहे, पण चार लोकांनीही वाचावं असं वाटतं. तुमचं नाव मात्र इथे लिहीत नाही. तुम्हाला न विचारता ते गावभर करणं बरं नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी बुंदीबद्दल सांगते. ती डॅशहंड जातीची कुत्री आहे, लांब अंगाची आणि आखूड पायांची. जर्मनीत बॅजरच्या बिळात शिरायला तयार केलेली ही जात, त्यामुळे तिचं नाक कायम जमिनीला लागलेलं असतं. एवढंसं कुत्रं गडावर कशाला न्यायचं, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक पायथ्याला विचारला जातो. तर तिला आवडतं म्हणून. सॅक भिंतीवरून काढली की ती दारात जाऊन बसते आणि बूट घालेपर्यंत हलत नाही. आम्ही उजाडताना चढायला लागतो आणि ऊन तापायच्या आत खाली येतो, कारण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्याला जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. शिवाय बुंदीचं पोट तापलेल्या कातळापासून जेमतेम चार बोटं वर. उंच पायऱ्या आल्या की तिला उचलून घ्यायचं, कारण या जातीची पाठ नाजूक असते, उड्या मारल्या की मणक्याचं दुखणं मागे लागतं. गळ्यात पट्टा नाही, अंगात हार्नेस, म्हणजे उचलताना मानेला हिसका बसत नाही. रेबीजची लस, गोचिडांचं औषध सगळं वेळेवर. घरी आलं की कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून गोचीड बघायची. हे सगळं आम्ही मनापासून करतो.

त्या दिवशीही सगळं छान चाललं होतं. रोहिड्याला एकामागोमाग एक तीन दरवाजे आहेत. दुसऱ्या दरवाजापाशी टाक्यातलं गार पाणी बुंदी पोटभर प्यायली. तिसऱ्या दरवाजावर दगडात कोरलेली हत्तींची मस्तकं आहेत, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला फारसी शिलालेख. तिथे माझ्या लेकीनं तिचे फोटो काढले. याच हिरडस मावळातले बांदल आणि त्यांचे बाजीप्रभू, हे मी लेकीला सांगत होते. वर वारा होता, बुरुजांवरून भोरची बाजू स्वच्छ दिसत होती. उतरताना, सोंडेवरच्या उघड्या वाटेला लागलो आणि बुंदी शिंकायला लागली.

शिंक म्हणजे कशी! थांबेचना. डोकं जमिनीवर आपटत होती, पुढच्या पायानं नाक ओरबाडत होती, आणि मग एका नाकपुडीतून रक्त आलं. माझी लेक रडायला लागली. मी बुंदीला मांडीवर घ्यायला गेले तर ती, जी आयुष्यात कधी कुणावर दात दाखवत नाही, ती माझ्यावर गुरगुरली.

तेवढ्यात वरून मुलांचा एक ग्रुप आला. चांगले धडधाकट, अंगावर एकसारखे टी-शर्ट. एकानं विचारलं, "चावतं का?" दुसरा म्हणाला, "कुत्र्याला गडावर आणायचंच कशाला?" तिसऱ्यानं मोबाइल काढून रक्ताचा व्हिडिओ घेतला. मी म्हटलं, जरा हिला धरायला मदत करता का, नुसतं धरायचंय. तर म्हणाले, आमची गाडी खाली थांबलीय. आणि गेले. मी आमच्या नेहमीच्या क्लिनिकला फोन लावला. बुंदी दोन महिन्यांची होती तेव्हापासून आम्ही तिथे जातो. पलीकडची बाई म्हणाली, डॉक्टर रविवारी नसतात, सोमवारची अपॉइंटमेंट देऊ का. मी म्हटलं, अहो रक्त येतंय, आत्ता काय करू तेवढं तरी कुणाला तरी विचारून सांगा. "मॅडम, फोटो व्हॉट्सॲप करून ठेवा," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या फोटोला आजतागायत उत्तर आलेलं नाही.

मग तुम्ही आलात, मावशी.

कापलेल्या गवताचा एवढा मोठा भारा डोक्यावर, की तुमचा चेहराही नीट दिसत नव्हता. विळा कमरेला. तुम्ही उतारावरून आमच्याकडे बघितलंत आणि काही विचारायच्या आधीच भारा खाली टाकलात. धप्पकन आवाज झाला तो अजून कानात आहे. "कुसाळ गेलंय नाकात," एवढंच म्हणालात. एका नजरेत कळलं तुम्हाला.

नंतर वाचलं तेव्हा समजलं की या कुसळी गवताचं बी किती वाईट. पावसाळा सरला की आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर ते पिकतं. टोक अणकुचीदार, त्यावर उलटे केस, त्यामुळे आत गेलेलं मागे येत नाही. आणि मागची शेपटी सुकली की पिळ घेते, ओल लागली की पिळ सोडते, अशी वळत राहते आणि बी पुढे ढकलते. जमिनीत रुजायची ही त्याची सोय. पण कुत्र्याच्या ओल्या नाकात गेलं की तेच कुसळ आपल्या आपण आत आत सरकतं. तुम्हाला यातलं काही वाचावं लागलं नव्हतं. "गुरांच्या डोळ्यात जातं, शेरडांच्या तोंडात जातं. ह्ये तर बारकं. ह्याचं नाक गवतातच की," असं म्हणत तुम्ही खाली बसलात.

डोक्यावरची चुंबळ काढलीत आणि बुंदीच्या हनुवटीखाली ठेवलीत. पदरानं तिचे डोळे झाकलेत. ती लगेच शांत झाली, मी बघतच राहिले. मला म्हणालात, "मागचं अंग धर घट्ट, पोट दाबू नको." माझ्या लेकीला म्हणालात, "तू रडू नगं, तिचं नाव घेत ऱ्हा." मग कमरेच्या पिशवीतून काटा काढायचा चिमटा काढलात, पदराच्या टोकानं पुसलात. कुसळाची शेपटी केसाएवढी बाहेर दिसत होती, ती मला दिसलीही नव्हती. तुम्ही ओढलं नाहीत. चिमट्यात धरून थांबलात, बुंदीचा श्वास बाहेर यायची वाट बघितलीत, आणि त्या श्वासाबरोबर अलगद सरळ रेषेत काढलंत. तळहातावर ठेवून टोक आहे का ते बघितलंत. टोक शाबूत होतं. "आलं सगळं," म्हणालात, तेव्हा मला रडू आलं.

कुसळ काढलंत याचे आभार तर आहेतच. पण मला जे सारखं आठवतं ते तो खाली टाकलेला भारा. शहरातल्या माणसाला त्यात काय एवढं असं वाटेल, म्हणून सांगते. ओल्या-सुक्या गवताचा दोरानं आवळलेला भारा एकट्याला डोक्यावर चढवता येत नाही. चढवून द्यायला दुसरं माणूस लागतं. ज्यानं चढवून दिला तो वर रानात राहिला, आणि घर अजून लांब. म्हणून भारेकरी वाटेत थांबत नाहीत, थांबायचं तर उंच दगड किंवा बांध बघून त्यावर टेकवतात. तुम्ही आडरानात, उतारावर, जिथे टेकवायला काही नाही तिथे तो टाकलात. पुन्हा कोण चढवून देणार, याचा विचार तुम्ही केला नाहीत. पाठीवर पाण्याची बाटली आणि चिप्सचं पाकीट एवढंच ओझं असलेल्या मुलांना थांबायला वेळ नव्हता. आणि तुमच्या डोक्यावर गुरांच्या चार दिवसांच्या वैरणीचं ओझं, वय साठीच्या पुढे, तरी तुम्ही थांबलात. तेही एका परक्या बाईच्या कुत्र्यासाठी.

सगळं झाल्यावर मी पर्स उघडायला लागले तेव्हा तुम्ही हातानंच नको म्हणालात आणि म्हणालात, "ते ऱ्हाऊ दे, भारा चढवू लाग." मी आणि माझी लेक दोघींनी मिळून तो उचलला. गुडघ्यापर्यंत आला तोवर माझे हात थरथरायला लागले होते. तुम्ही खाली वाकून, चुंबळ सावरून मान पुढे केलीत, एक हात भाऱ्याला लावलात आणि सरळ उभ्या राहिलात. गवताचा चुरा आमच्या केसांत, मानेवर, सगळीकडे. जाताना वळून म्हणालात, "तोंडाला फडकं बांधून ने तिला. आन् गवतातनं चालवू नगं, कडंवर घे." तेव्हापासून गवताळ वाटेला बुंदी माझ्या छातीवरच्या सॅकमध्ये असते.

दुसऱ्या दिवशी तिला वेगळ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाक नीट तपासलं, आत काही राहिलेलं नाही म्हणाले. अजून थोडं आत गेलं असतं तर भूल देऊन दुर्बिणीनं शोधावं लागलं असतं, आणि कधी कधी ते सापडतही नाही, पुढे सरकून भलतीकडे गळू धरतं, असंही त्यांनी सांगितलं. कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, इतकं सरळ आणि अख्खं काढणं सोपं नसतं, त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. तो हा पोचवते आहे.

मावशी, बुंदीला घेऊन फिरताना मला माणसं फार वेगळी कळली. एका ट्रेकच्या ग्रुपनं आधी हो म्हणून पैसे घेतले आणि पहाटे बस सुटताना तिला चढू दिलं नाही. आम्ही अंधारात रस्त्यावर उभ्या राहिलो. पैसे परत मागितले तर उत्तरही नाही. आणि त्याच भोर भागात रायरेश्वरावर, लोखंडी शिड्या चढून आम्ही पठारावर पोचलो, तर एका घरातल्या दादांनी बुंदीला लांबून बघितल्याबरोबर स्वतःची दोन मोठी कुत्री बांधून घातली, आम्ही न सांगता. पलीकडच्या घरातून बुंदीसाठी वेगळ्या वाटीत दूध आलं. गडांच्या पायथ्याला अंगणात सॅक ठेवू देणाऱ्या, "हिकडनं जाऊ नका, तिकडं बिबट्या दिसलाय" असं आवर्जून सांगणाऱ्या, लेकीच्या हातावर भाजलेल्या शेंगा ठेवणाऱ्या किती बायका भेटल्या. आमच्या सोसायटीत बुंदी लिफ्टमध्ये असली की लोक दार लावून घेतात. तुमच्या भागात कुणी तिला हाड म्हटलेलं मला आठवत नाही. जनावर घरात असलं की त्याचं दुखणं आपलं वाटतं, हे तुमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या लेकीनं ते त्या उतारावर पाहिलं, कुठल्याही शाळेत तिला ते इतकं नीट दिसलं नसतं. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एका भाजीवालीची पाटी कलंडली, तेव्हा ही पोरगी सायकल टाकून धावली. मी काही बोलले नाही, पण मला तुम्ही आठवलात.

ट्रेकला येणाऱ्यांना एक सांगते. दिवाळीपासून गवताची कापणी होईपर्यंत छोट्या कुत्र्याला गवतातून चालवू नका. अचानक शिंकांचा सपाटा सुरू झाला, एकाच नाकपुडीतून रक्त आलं तर कुसळाची शंका घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा. मावशींनी काढलं कारण शेपटी बाहेर होती आणि त्यांच्या हाताला आयुष्यभराची सवय होती. दिसत नसेल तर चिमटा घालू नका. आणि वाटेत कुणी भारा घेऊन येताना दिसलं तर बाजूला होऊन वाट द्या, चढवून द्यायला हात लावा.

मावशी, तुमचा मुलगा म्हणाला की माघापर्यंत उतारावरचं गवत सगळं कापून होतं, मग वाट मोकळी. आम्ही तेव्हा येतोय. या खेपेला बुंदीचे बाबाही आहेत बरोबर. तुमच्या म्हशीला बघायचंय असं लेकीनं आत्ताच सांगून ठेवलंय. तुमच्यासाठी मी चिमटा आणतेय, स्टीलचा, बारीक टोकाचा. दुकानात चार बघून त्यातला निवडलाय. तुमच्याकडचा जुना झालाय, त्याची टोकं जुळत नाहीत, ते त्या दिवशीच दिसलं होतं.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं म्हणालात ते डॉक्टरांना दाखवलंत का, तेही मुलाला कळवायला सांगा.

तुमची,
बुंदीवाली, पुण्याची