एक वाजता सुटणारी नोकरी

वाळपई, गोवा
१४ डिसेंबर २०२५

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

गणेशचवथीला तू आला होतास तेव्हा गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून सहज म्हणालास, "मास्तर, तुझे बरे आहे. एकला शाळा सुटते नि दीडला तू पानावर." सणासुदीला वाद नको म्हणून मी हसलो. पण गेल्या महिन्यात गावच्या व्हॉट्सअॅप गटावर माझे जे छायाचित्र फिरले ते तूही पाहिले असशील. त्याखाली लोकांनी जे लिहिले त्यापेक्षा तू काहीच लिहिले नाहीस हे मला अधिक लागले, म्हणून आज रविवारी सवडीने लिहायला बसलो आहे.

छायाचित्र खोटे नव्हते. मी वर्गाच्या खिडकीपाशी उभा, हातात मोबाईल, मान खाली, आणि मागे मुले आपापल्या वह्यांत. "फुकटचा पगार", "म्हणूनच लोक पोरांना इंग्रजी शाळेत घालतात" असे बरेच काही त्याखाली होते. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट एवढीच, की ४ नोव्हेंबरपासून मतदारयादीचे विशेष सखोल पुनरीक्षण चालू होते, आमच्या भागाचे फॉर्म घरोघरी वाटून, भरून घेऊन अॅपवर चढवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि वाड्यावर रेंज नसल्यामुळे त्या एका खिडकीपाशीच कशाबशा दोन काड्या येतात. "आजचा आकडा किती?" असे विचारणारा फोन दिवसातून तीनदा येई. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. मात्र जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका यांना त्याच कलमात वाट ठेवलेली आहे. मनाई केवढी आणि वाट केवढी, हे तूच मोज. आता २०२७ ची जनगणना दारात उभी आहेच.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, तयारीसकट. तुझ्या बँकेत संध्याकाळी शटर ओढलेले लोकांना दिसते, तसे वह्या तपासणे, पोषण आहाराचा हिशेब, पटाची ऑनलाइन माहिती, पालक-शिक्षक संघाचे इतिवृत्त यांचे शटर कोणाला दिसत नाही. पण वसंता, ही कामे मला खरोखर जड जात नाहीत. ती रात्री उरकता येतात.

जे उरकता येत नाही ते वर्गातच घडते. माझ्याकडे पहिली ते चौथीची १९ मुले एकाच खोलीत आहेत. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि ते आहेतही, पण दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. मुलांची पुस्तके मराठी, तोंडची भाषा कोंकणी, आणि बांधकामावर आलेल्या कुटुंबातल्या दोघा भावंडांची कन्नड. तिसरीतला त्यांतला थोरला ५२ मधून २७ वजा करतो आणि नेमाने ३५ लिहितो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सातातूनच दोन काढतो. त्याच्या डोक्यात मोठ्यातून लहान काढायचे हे पक्के बसले आहे, आणि ते मीच कधीतरी बसवलेले आहे. चिंचोक्यांचे दहा-दहाचे पाच ढीग मांडून, एक ढीग मोडून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे मी सलग चार दिवस शोधत होतो. एकदा ढीग मांडले, तेवढ्यात आहार घेऊन रिक्षा आली; दुसऱ्यांदा पहिलीतल्या एकाने नाकात पेन्सिलीचे टोक घातले; आणि तिसऱ्यांदा तो आकडा विचारणारा फोन. छायाचित्र त्याच वेळचे आहे. नीट पाहिलेस तर कोपऱ्यात जमिनीवर चिंचोके दिसतील.

आमच्यात कामचुकार नाहीत असे मी म्हणणार नाही. वर्गात बसून शेअरचे भाव पाहणारा एकजण मला ठाऊक आहे आणि त्याचे छायाचित्र मात्र कोणी काढत नाही. माझाही एक दोष आहे, जो गावाने मला दिलेला नाही. चौथीतली एक मुलगी फळ्यावरचे उतरवून घेताना सारखी शेजारणीच्या वहीत डोकावायची. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी तिच्या वहीवर लाल शाईने "लक्ष दे" असा शेरा मारत होतो. सरस्वतीपूजनाच्या वेळी फळ्यावर चित्र काढायला तिला बोलावले, तेव्हा ती नाक टेकेल इतकी फळ्याजवळ गेली आणि मला कळले की तिला लांबचे दिसतच नाही. तिच्या आईने मला बोल लावला नाही. "सर, आमच्याही ध्यानात आले नाही," एवढेच ती म्हणाली. ते सारे शेरे अजून त्या वहीत आहेत आणि वही मुलीच्या दप्तरात आहे.

तिचा चष्मा म्हापशाच्या दुकानात तयार आहे, पावती सोबत जोडली आहे. तिच्या वडिलांचा खाडा पडायला नको, आणि मला इतक्यात तिकडे येणे जमणार नाही. तू शुक्रवारच्या बाजाराला उतरशील तेव्हा तो घे आणि शनिवारी गावी येताना शाळेवरूनच ये. एकच्या आत आलास तर बरे, म्हणजे तुझ्या हातूनच तिला देता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद