सूचना : ड्रायर आणि वॉशिंग मशीनची शिट्टी

सर्व सभासदांना नमस्कार.

जळगावच्या उन्हाळ्यात रात्री खिडक्या उघड्या ठेवूनच झोपावं लागतं. अशा वेळी साडेअकराला कुणाचा तरी ड्रायर कपडे वाळल्याची शिट्टी देतो, दार उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजतो आणि पाळण्यातलं बाळ दचकून उठतं. म्हणून येत्या रविवारपासून रात्री १० ते सकाळी ६ ही शिट्टी बंद ठेवावी.

• पॅनलवर घंटा किंवा स्पीकरचं चिन्ह शोधा. बऱ्याच मशीनमध्ये ते बटण ३ सेकंद दाबून धरलं की आवाज बंद होतो. काहींत दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. नेमकी कोणती, ते माहितीपुस्तिकेत असतं.
• लाइट जाऊन आल्यावर काही मशीनचा आवाज पुन्हा सुरू होतो. तेव्हा परत तपासा.
• आवाज बंदच होत नसेल तर मशीन संध्याकाळीच लावा. पॅनल उघडून बझरची वायर कृपया स्वतः कापू नका, शॉक लागेल.

ज्यांना जमत नाही, त्यांनी रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये पुस्तिका घेऊन यावं. आजी-आजोबांकडे आम्हीच घरी येऊ.

– सचिव