काका, तुमचं नाव कटिंगमध्ये गेलं त्याबद्दल

काका, नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही हसून विषय सोडून दिलात, "आगं जाऊदे की, माझं नाव काय मंत्रालयात लागायचं होतं का" म्हणालात, पण मला ते सुटेना म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण चूक पण सगळ्यांना दिसेल अशीच झालीय, कॉलेजच्या वार्षिकांकात, फुल पेज, कलर. नाव मात्र इथेही घालत नाही, कारण तुम्हीच दम दिलाय की नाव लिहिलंस तर सगळ्या कोल्हापुरातली मास कॉमची पोरं फुकटात दुकानात येऊन बसतील. तर नुसतं काका. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

झालं असं की अंकातली आमच्या गाण्याची जाहिरात तुम्ही फायनल बघून दिलीत, आम्ही घरी आलो आणि रात्री अकराला मला आठवलं की अरे काकांचं क्रेडिटच नाही. मग मीच खाली एक ओळ टाकली, अक्षरं आणि फोटो, पुढे तुमचं नाव, आणि डिझाइन बिघडू नये म्हणून अगदी तळाला, कडेपासून जेमतेम २ मिलीमीटरवर. ज्या माणसाने चार वेळा सांगितलं की बाहेर ३ मिलीमीटर ब्लीड (म्हणजे कापण्यात जाणारं जास्तीचं चित्र) आणि आत ५ मिलीमीटर मोकळं, त्यात जीव अडकला तरी अक्षर टाकायचं नाही, त्याचंच नाव मी तिथे टाकलं. अंक हातात आला तर तुमच्या नावाची फक्त शिरोरेषा आणि वरच्या मात्रा उरल्यात, खालची अक्षरं कटिंग मशीनने नेली. कपडे वाळत घालायची दोरी असावी आणि कपडे कुणीतरी पळवावेत तसं दिसतंय ते.

तर हे ते क्रेडिट. जरा लांबलंय.

पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो तेव्हा आम्ही चौघं फक्त कॅमेरा भाड्याने मिळेल का विचारायला आलो होतो. लास्ट इयरचा प्रोजेक्ट, म्युझिक व्हिडिओ करायचा आणि त्याच गाण्याची मॅगझिनमध्ये छापता येईल अशी एक पान जाहिरात, आणि दोन्हीचं प्लॅनिंग फाइलमध्ये. गाणं आमच्यातल्याच एकाचं, त्याच्या आजोबांच्या गुऱ्हाळावर लिहिलेलं, चाल पण त्याचीच, त्यामुळे हक्काबिक्काची भानगड नव्हती. तुम्ही विचारलंत प्लॅन काय आहे आणि मी मोबाईलमधून धडाधडा वाचायला लागले, ड्रोन शॉट, मग पाऊस, मग फ्लॅशबॅकमध्ये लहानपण, मग रंकाळ्यावर संध्याकाळ. तुम्ही लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतात, मान वर न करता म्हणालात, "गाणं किती मिनिटाचं?" आम्ही म्हटलं साडेतीन-चार. "साडेतीन का चार? अर्ध्या मिनिटात आमच्यात वरात निघती."

मग जे झालं ते मी अजून जुनियर पोरांना सांगते. तुम्ही गाणं लावायला सांगितलंत आणि काउंटरच्या काचेवर बोटांनी ठेका धरलात. धागे नाती नक धिन. भजनी मंडळात तुम्ही तबल्याला बसता हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. मोबाईलवर एक मिनिट लावून तुम्ही मोजलंत, ९६ मात्रा, म्हणजे ठोके. ताल केरवा, म्हणजे ८ मात्रांचं आवर्तन, म्हणजे ५ सेकंदात एक आवर्तन. गाणं ३ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे २२० सेकंद. म्हणजे ४४ आवर्तनं, बरोब्बर. जुनी उधारीची वही काढलीत, पट्टीने ४४ चौकटी मारल्यात आणि म्हणालात, "ह्या एवढ्याच खोल्या हायेत. पाहुणे मोजून बोलवा."

काका, आम्हाला वर्गात स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रांचा आराखडा, शिकवला होता, खोटं कशाला बोलू, चांगला शिकवला होता, पण तो आम्ही गोष्टीसारखा काढत होतो आणि गाणं नंतर त्यावर ओढून बसवणार होतो. गाण्याच्या मापातच तो काढायचा हे तुमच्या वहीने डोक्यात घातलं. निळ्या पेनने गायकाचे ओठ दिसणार त्या चौकटी, हिरव्याने गोष्टीच्या, एका चौकटीत एकच काम. ड्रोन पहिल्या दहा मिनिटांत गेला, पाऊस गेला, रंकाळा पण गेला (ह्याचं थोडं वाईट वाटलं, अजून वाटतं). राहिलं फक्त गुऱ्हाळ, पहाटेपासून दुपारपर्यंत, आणि आजोबांची रिकामी खुर्ची.

आणि कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर घ्या हे जे तुम्ही सांगितलंत, ते मला आधी नुसतं तबलजीचं प्रेम वाटलं होतं. एडिटिंगला बसल्यावर कळलं. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात ५ सेकंदाला १२५ फ्रेम पुऱ्या बसतात, पण एका मात्रेला १५.६ च्या आसपास येतात, म्हणजे मधल्या मात्रेवर कट मारला की तो कधी किंचित आधी पडतो कधी किंचित नंतर, समेवर मात्र जागच्या जागी. थोडक्यात तुमचा तबला आणि सॉफ्टवेअर एकच बोलत होते.

शूटिंगच्या दिवसाचं काय लिहू, ते तुम्ही स्वतः बघितलंयत. जानेवारीतली पहाट, साडेपाच वाजता तुमची गाडी आमच्या आधी गुऱ्हाळावर उभी. खरंतर फक्त कॅमेरा द्यायचं ठरलं होतं. आम्ही आमच्या मोबाईलवर पण काढणार होतो तर तुम्ही म्हणालात मोबाईल फ्रेम रेट मनाप्रमाणे कमीजास्त करतो, गाण्याच्या शेवटापर्यंत ओठ आणि आवाज वेगळ्या गावाला जातात. मग कॅमेरा बाहेर काढायला गेले तर तुम्ही हातावर मारलंत! थंडीतनं आणलेली लेन्स रस उकळायच्या काहिलीच्या वाफेत नेली की पांढरी होते म्हणून बॅग अर्धा तास चुलवाणाजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलीत, आणि तोवर चिपाडं सारणाऱ्या मामांबरोबर तंबाखू मळत बसलात. माझा जीव नुसता खालीवर, उजेड जातोय, उजेड जातोय. तुम्ही मळतच होतात.

गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, आधीच म्हणाला होता की एका आधणाला, म्हणजे एक काहील रस शिजायला, अडीच-तीन तास जातात आणि काहील उतरवून वाफ्यात (गूळ निवायच्या खड्ड्यात) ओतायची ती एकदाच, तुमच्यासाठी परत ओतणार नाही. म्हणजे दिवसभरात आम्हाला तो शॉट दोनदाच मिळणार. वहीत त्या दोन चौकटींना तुम्ही गोल केला होतात आणि बाकीचं सगळं त्यांच्या अवतीभवती लावलं होतंत, उकळी येईस्तोवर हे, मळी काढताना ते. पहिल्या वेळी मी नुसती बघतच राहिले, तो सोनेरी रस वळणावळणाने ओतला जातो ना, आणि रेकॉर्डचं बटण दाबायचंच विसरले. तुम्ही ओरडला नाहीत. "अजून एक आधण हाय" एवढंच. घरी जाऊन रडले मी त्यावर, आता सांगते.

आणि तो स्लो मोशन! वाफेतून गायक हळूहळू पुढे येतोय पण ओठ गाण्याबरोबर, हे आम्हाला पाहिजेच होतं आणि कसं करतात ते माहीत नव्हतं. ५० फ्रेमवर काढायचं, नंतर २५ वर चालवायचं, म्हणजे चित्र निम्म्या वेगाने जाणार, म्हणून गाणं तिथे दुप्पट वेगाने वाजवायचं आणि त्याने दुप्पट वेगाने म्हणायचं. २२० सेकंदाचं गाणं ११० सेकंदात. चरकाच्या आवाजात आमचा चिमुकला स्पीकर ऐकूच येईना म्हणून तुम्ही भजनी मंडळाचा खोका आणला होता, त्यातून ते चिपमंक झालेलं गाणं सुरू झालं, सुरुवातीला एक आवर्तन नुसती टिकटिक, आणि आमचा गायक दुसऱ्या मुहूर्ताची घाई असलेल्या भटजीने मंगलाष्टका उरकाव्यात तसा गायला लागला. ऊस टाकणारी माणसं काम सोडून हसत होती. तोच शॉट आता बघणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो, आणि मला मात्र दर वेळी भटजीच आठवतो.

आता जाहिरात, कारण खरी अक्कल तिथे आली. आमचा प्लॅन काय, तर व्हिडिओतली एक मस्त फ्रेम घ्यायची, वर नाव टाकायचं, झाली जाहिरात. तुम्ही कॅल्क्युलेटर पुढे सरकवलात. ए फोर पान छापायला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, ब्लीड वेगळा. आमची फ्रेम १९२० बाय १०८०, आडवी. तिच्यातून उभा तुकडा कापून पानभर ताणला तर ९२ डीपीआय. "फ्लेक्सला चालंल, लांबनं बघत्यात. मासिक नाकाजवळ धरत्यात."

म्हणून वहीत लाल पेनच्या तीन जागा आल्या, शूटिंग थांबवून उभा फोटो काढायच्या. त्यातल्या दोन आम्ही घाईत गाळल्या. तिसरी तुम्ही गाळू दिली नाहीत, गायकाला धुराड्याखाली उभं केलंत, कॅमेरा उभा धरलात आणि मला व्ह्यूफाइंडरमधून दाखवलंत, "वर आकाश सोडलंय बघ, एक तृतीयांश. तिथं अक्षर बसणार हाय." जाहिरात व्हायच्या कितीतरी आधी अक्षराची जागा तुमच्या डोळ्यात होती.

दुकानात भिंतीवर बाबूराव पेंटरांचा फोटो का लावलाय हे मी त्या दिवशी घरी परत येताना विचारलं. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून मी कायम जाते, माहिती एवढीच की कोल्हापुरात सिनेमा सुरू केला. तुम्ही सांगितलंत की त्या माणसाने स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० साली पहिला सिनेमा आणला, टिळकांनी सिनेमा केसरी म्हटलं, ते सगळं खरंच, पण तुम्हाला आवडतं ते वेगळंच, की सिनेमाची पोस्टरं पण ते स्वतःच्या हाताने रंगवायचे. सिनेमा एकाच्या डोक्यातला आणि पोस्टर दुसऱ्याच्या असं नाही. तुम्ही हे गिअर बदलताना बोललात आणि लगेच उसाच्या ट्रॅक्टरला शिव्या घातल्यात, पण आमच्या फाइलमधलं प्लॅनिंगचं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

अक्षरांची तर वेगळीच गंमत. गाण्याच्या नावातच गुऱ्हाळ. मी मोबाईलवर टाइप करून पाठवलं, तुमच्या जुन्या फोटोशॉपमध्ये टाकलं तर र चा पाय मोडून ह शेजारी पडलेला. दुसरा फॉन्ट लावला तर ह च्या डोक्यावर रफार, गुर्हाळ, वाचताना गुळात खडा लागल्यासारखं. "आपला र ह्या फॉन्टला घरचा वाटत न्हाई," म्हणालात, आणि खालच्या कप्प्यातून ब्रश काढलात. फ्लेक्स यायच्या आधी तुम्ही बोर्ड रंगवायचात हे आम्हाला ऐकून माहीत होतं, हात चालताना कधी बघितला नव्हता. ड्रॉइंग शीटवर पोस्टर कलर, पहिले दोन कागद चुरगाळलेत, तिसऱ्यावर श्वास रोखून एका दमात शिरोरेषा ओढलीत. त्यातला ळ, त्याची दोन वाटोळी तुम्ही काहिलीच्या कड्यांसारखी केलीत. सांगितलं नाहीत, आमचं आम्हाला दोन दिवसांनी दिसलं. तेच अक्षर स्कॅन करून व्हिडिओच्या सुरुवातीला पण घेतलं, आणि बारीक मजकुराला मुक्ता नावाचा फॉन्ट लावला, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा, तो फुकट आहे आणि त्यात ऱ्ह नीट येतो. शोधणाऱ्यांनी शोधा.

मजकुरात मी "लवकरच येत आहे" लिहिलं होतं. "लवकरच म्हंजे कधी? पत्रिकेत लिव्हत्यात का, विवाह लवकरच?" मग तारीख आली, गायकाचं नाव आलं, कुठे ऐकायचं ते आलं आणि बाकी कौतुकाच्या ओळी गेल्या. काळ्यावर पांढरा क्यूआर कोड केला होता तो तुम्ही चार फोनवर तपासलात, एकाने घेतला नाही, म्हणून पांढऱ्या पट्टीवर काळा झाला. स्क्रीनवर पेटलेला केशरी जाळ सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत केल्यावर विटकरी दिसतो हे बघून मी हबकलेच, तुम्ही तीन प्रूफ काढलीत, स्वतःच्या कागदावर, आणि बारीक अक्षरं चार रंगांतून काढून नुसत्या काळ्यावर आणलीत.

कॅमेऱ्याचं भाडं विचारलं तर म्हणालात रिझल्ट लागू दे. रिझल्ट लागला, चांगला लागला, परवा फोन केला तर म्हणालात अंकाची एक प्रत दुकानात ठेवायला आणा, बास.

प्रत आणतोय रविवारी. तुमच्या प्रतीवर मी काळ्या पेनने शिरोरेषेखाली नाव पूर्ण केलंय, जागा कमी होती म्हणून अक्षर जरा चेपलंय, माझं अक्षर कसं आहे तुम्हाला माहीतच आहे. वही पण आणतोय. आणि काका, चौकटींच्या आधीची तीन पानं तुमच्या उधारीची आहेत, ती आम्ही वाचली, सॉरी. त्यातले दोघं आमच्या गल्लीतलेच निघाले. एकाच्या लग्नाच्या अल्बमचे ८०० अजून बाकी दिसतायत, आणि त्याची मुलगी आता दहावीला आहे. विचारू का त्याला?

तुमची,
बटण दाबायला विसरलेली