चौकटीचे वय कसे काढणार?

महोदय,

गेल्या वर्षी नांदेडला घराचे बांधकाम चालू असताना दारांच्या चौकटींसाठी किनवटचे सागवान परवडेना, म्हणून वखारीतून ‘मलेशियन साल’ आणले. आमच्या सुतारमामांनी जुन्या वाड्यातील सागाच्या तुळईचे टोक रंधून त्यावरची वर्षे, म्हणजे दरवर्षीच्या वाढीची वलये, नखाने मोजून दाखवली. नव्या लाकडावर मात्र ते अडले. त्यावर पांढुरक्या बारीक रेघा होत्या, पण त्या राळेच्या, वर्षांच्या नव्हेत. हे लाकूड कुठल्या जंगलातले, हे वखारवाल्यालाही सांगता आले नाही.

बारमाही पावसाच्या जंगलात वाढणाऱ्या पुष्कळ झाडांना सागासारखी स्पष्ट वर्षवलये नसतात. त्यामुळे तोडलेल्या झाडाच्या जागी तेवढे झाड उभे राहायला किती वर्षे लागतील, हे ठरवायचे तर तीच ती झाडे वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते. पनामातील बारो कोलोराडो बेटावर 50 हेक्टरांत 1980च्या दशकापासून हे काम चालू असून, 1 सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे करंगळीएवढ्या रोपापासून पुढची 2 लाखांहून अधिक खोडे तेथे दर पाच वर्षांनी मोजली जातात. आपल्याकडे भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात तेवढाच तुकडा आखला. पण तो पानगळीचा आहे, बारमाही पावसाच्या जंगलाचा नव्हे; त्यात सागही आहे.

अशा कामाला पैसा मिळतो तो मात्र बहुधा तीन वर्षांच्या प्रकल्पापुरता. मलेशिया-बोर्निओच्या जंगलातील साल कुळातील कित्येक झाडे काही वर्षांच्या खंडानंतर एकदम फुलतात आणि त्यांचे बी वाळवून साठवता येत नाही, ते मरते. म्हणजे संशोधकाला एकही बी दिसण्याआधी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान खर्चल्याचा दाखला, देण्याची वेळ यावी! (अनुदानाचे कागद ज्यांनी भरले आहेत त्यांना ही अतिशयोक्ती वाटणार नाही.) दरम्यान, तोड होते ती सर्वांत जाड झाडांची, आणि भरघोस बी धरणारीही बहुधा तीच असतात.

दुष्काळी मराठवाड्याला वर्षावनाचे काय, असे कुणी विचारील. पण ते लाकूड आमच्याच दारांना लागते, तेव्हा त्याचा काही भार ग्राहकांनी उचलणे न्यायाचे आहे. आयात लाकडावरील सीमाशुल्काचा लहानसा वाटा संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे वेगळा ठेवावा आणि त्यातून सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांतील इमारती झाडांच्या अभ्यासाला किमान 20 वर्षांचे अनुदान द्यावे. त्यातही पहिला हक्क यंत्रसामग्रीचा नव्हे, तर खोडाला टेप लावणाऱ्या, झाड न् झाड ओळखणाऱ्या स्थानिक माणसांच्या पगाराचा असावा. प्रकल्प संपला की सर्वांत आधी घरी बसतात ते हेच.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नांदेड