सातवा क्रमांक शेवटच्या दिवशी ठरत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवरील फुटबॉलची, म्हणजे चॅम्पियनशिपची, बातमी मराठी क्रीडापानावर येते ती बहुतेक वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्समुळे. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकत घेतला. कोंबडीपालनामुळे हे नाव मराठवाड्यात गावोगाव माहीत आहे, त्यामुळे बातमी वाचलीही जाते. तक्रार आहे ती बातमीच्या मांडणीबद्दल. २०२४-२५ च्या हंगामाविषयी 'रोव्हर्सची संधी अखेरच्या दिवशी हुकली, सातव्या स्थानावर समाधान' एवढ्यावर विषय संपतो. आकडा बरोबर आहे, त्यातून निघणारा अर्थ मात्र चुकीचा आहे.

या लीगमध्ये २४ संघ असतात आणि प्रत्येकाचे ४६ सामने होतात, २३ घरच्या मैदानावर आणि २३ बाहेर. पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात. २०२४-२५ मध्ये तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्ले-ऑफ खेळत आणि लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचा अंतिम सामना जिंकणारा एकच त्यांच्यातून वर जाई. तळाचे तीन संघ तिसऱ्या पातळीवर घसरतात. ऑगस्टमध्ये सुरू झालेली ही रपेट मेच्या सुरुवातीपर्यंत चालते. सहावे स्थान मिळवायला किती गुण लागतात? २०२०-२१ मध्ये ७७, पुढच्या वर्षी ७५, मग ६९, मग ७३ आणि २०२४-२५ मध्ये अवघे ६८. म्हणजे त्या वर्षी दार नेहमीपेक्षा जास्त उघडे होते, तरीही रोव्हर्सना आत जाता आले नाही.

आता त्यांची ओळ पाहा: १९ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ६६ गुण. सहाव्या आलेल्या ब्रिस्टल सिटीची ओळ: १७ विजय, १७ बरोबरी, १२ पराभव, ६८ गुण. जास्त सामने जिंकणारा संघ मागे राहिला. दोन वर्षे मागे गेलात तर हेच चित्र दिसते. २०२२-२३ मध्ये रोव्हर्सने तब्बल २० सामने जिंकले, ९ बरोबरीत सोडवले आणि १७ गमावले. गुण ६९ झाले. सहाव्या संडरलँडचेही ६९ होते, पण त्यांचे विजय १८ आणि बरोबरी १५. त्यांचा गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, अधिक १३, रोव्हर्सचा उणे २. वीस सामने जिंकूनही गोलफरक उणे राहतो, याचा अर्थ हरताना संघ मोठ्या फरकाने हरतो. दोन वेगळे प्रशिक्षक, दोन वेगळे संघ आणि दुखणे एकच: जे सामने जिंकता येत नाहीत ते बरोबरीत राखता येत नाहीत. माझ्या मते सातव्या क्रमांकाचे खरे कारण इथे आहे.

बरोबरी राखणे हे मैदानावरचे काम आहे, नशिबाचे नव्हे. बाहेरच्या मैदानावर १-१ असताना ८० व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला की दोन्ही मधले बचावपटू हेडरसाठी पुढे जातात. मागे दोघेच उरले आणि चेंडू समोरच्या गोलरक्षकाच्या हाती सापडला, तर त्याची एक लांब फेक पुरते. अशा वेळी मागे तिघे हवेत आणि त्यांतला एक वेगवान हवा. शिवाय चौकटीच्या बाहेर, परत आलेल्या चेंडूवर झडप घालणारा एक मध्यरक्षक हवा. ०-१ ने मागे असतानाही हेच लागू पडते. ७० व्या मिनिटालाच दोन्ही बगलांचे बचावपटू वर पाठवले तर ०-१ चे ०-२ होतात आणि गोलफरकही जातो. पाच बदली खेळाडू वापरता येतात, त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत ताजे पाय मधल्या फळीत आणायचे की आघाडीत, हा निर्णय दर आठवड्याला घ्यावा लागतो. २०२४-२५ मध्ये १०० गुण मिळवणाऱ्या बर्नलीने १६ सामने बरोबरीत सोडवले, फक्त दोन गमावले आणि ४६ सामन्यांत १६ गोल स्वीकारले. तेवढेच १०० गुण मिळवून लीड्स युनायटेड गोलफरकावर विजेते ठरले. त्यांचा फरक अधिक ६५ होता आणि बर्नलीचा अधिक ५३.

रोव्हर्सच्या २०२४-२५ च्या हंगामात कौतुक करण्याजोगे पुष्कळ होते, आणि तेही बातमीत येत नाही. २०२३-२४ मध्ये हा संघ ५३ गुणांवर १९ व्या स्थानी होता. शेवटच्या दिवशी विजेत्या लेस्टरला त्यांच्याच मैदानावर २-० ने हरवून तो वाचला. त्या वर्षी रोव्हर्सने ७४ गोल खाल्ले होते आणि केलेल्या ६० पैकी २७ एकट्या सॅमी श्मोडिक्सचे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तो इप्सविचला विकला गेला. त्याआधी फेब्रुवारीत क्लबच्याच अकादमीत घडलेला ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला होता. गोलांचा मुख्य स्रोत गेल्यावर प्रशिक्षक जॉन युस्टेस यांनी गोल रोखण्यावर भर दिला. फळ्यांमधले अंतर कमी ठेवायचे, समोरच्याला मधून वाट द्यायची नाही, कडेने जाऊ द्यायचे, हा त्यांचा साधा हिशेब होता. हंगामाअखेर केलेले गोल ६० वरून ५३ वर आले, पण खाल्लेले ७४ वरून ४८ वर उतरले. गुण १३ ने वाढले. फेब्रुवारीच्या मध्यावर संघ पाचवा होता.

आणि नेमक्या त्याच वेळी युस्टेस डर्बी काउंटीला निघून गेले. पाचव्या स्थानावरचा संघ सोडून घसरणीच्या खाईतल्या संघाकडे एखादा प्रशिक्षक का जातो, हा प्रश्न आपल्या पानावर विचारला जायला हवा होता. डर्बी ५० गुणांवर तरले. रोव्हर्सकडे महिनाअखेरीस व्हालेरियाँ इस्माएल आले. हे कर्तबगार प्रशिक्षक आहेत. २०२०-२१ मध्ये त्यांनीच बार्न्सलीसारख्या लहान क्लबला ७८ गुणांसह पाचवे आणले होते. पण त्यांची पद्धत वेगळी, पुढे चढून दाब टाकण्याची आणि चेंडू लवकर पुढे पाठवण्याची. ती शिकवायला वेळ लागतो आणि चॅम्पियनशिपमध्ये तोच नसतो. शनिवारी सामना झाला की रविवारी शरीर सावरायचे, सोमवारी हलका सराव आणि कॉर्नर-फ्रीकिकची उजळणी, मंगळवारी पुन्हा सामना. अशा आठवड्यात नवी रचना बसवायला पूर्ण जोराचे एकही सत्र मिळत नाही. त्यात जानेवारीची खरेदीची मुदत ३ फेब्रुवारीलाच संपली होती, त्यामुळे नव्या पद्धतीला लागणारे खेळाडूही आणता येत नव्हते. जुन्या घडीचे खेळाडू, नवी घडी आणि सरावाला दिवस नाहीत. संघ पहिल्या सहांतून बाहेर पडला यात नवल नाही. एप्रिलमध्ये सावरून तो पुन्हा शर्यतीत आला याचेच कौतुक वाटते.

३ मे २०२५ रोजी शेफील्ड युनायटेडशी १-१ अशी बरोबरी झाली. त्या दिवशी आणखी एक गोल केला असता तर ६८ गुण आणि अधिक ६ गोलफरक होऊन अधिक ४ वाल्या ब्रिस्टल सिटीला रोव्हर्सने मागे टाकले असते. हे खरे आहे आणि म्हणूनच 'थोडक्यात हुकले' असे लिहिण्याचा मोह होतो. पण हरलेल्या अठरा सामन्यांपैकी फक्त दोन बरोबरीत राखले असते, तरीही तेच ६८ गुण झाले असते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. वरून घसरलेल्या क्लबला प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नातील समान वाट्याच्या पहिल्या वर्षी ५५, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के रक्कम मिळते. एकच हंगाम वर राहिलेल्याला तिसरे वर्ष मिळत नाही. रोव्हर्स २०१२ मध्ये घसरले, त्यांचा हा आधार कधीच संपला. मालकांना भारतातून क्लबसाठी रक्कम पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, त्याचाही ताण पडला. तरी पैशाने सगळे ठरते असे मानू नये. २०२४-२५ मध्ये ही रक्कम मिळणारे लीड्स, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड पहिले तीन आले, पण ल्युटनही तीच रक्कम घेत होते आणि ते घसरले. ल्युटन आणि हल दोघांचे ४९ गुण, हलचा गोलफरक उणे १० म्हणून ते तरले, ल्युटनचा उणे २४. आणि प्ले-ऑफ जिंकून वर गेले ते संडरलँड, ज्यांना अशी कुठलीच रक्कम मिळत नव्हती.

संडरलँडचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ते ७६ गुणांवर चौथे होते, तिसऱ्या शेफील्ड युनायटेडपेक्षा १४ गुणांनी मागे, आणि लीगचे शेवटचे पाच सामने हरून प्ले-ऑफला आले होते. कव्हेंट्रीविरुद्ध जादा वेळही संपत आला असताना, १२२ व्या मिनिटाला कॉर्नरवर डॅन बॅलर्डचे डोके लागले, चेंडू आडव्या खांबाला लागून आत गेला. २४ मेच्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेड १-० ने पुढे असताना त्यांचा दुसरा गोल व्हिडिओ पंचांनी ऑफसाइडमुळे रद्द केला. लीगच्या ४६ सामन्यांत ही व्हिडिओ सोय नसते, वेम्ब्लीवर असते. मग संडरलँडने बरोबरी साधली आणि ९५ व्या मिनिटाला त्यांच्या टॉम वॉटसनने २-१ केले. असे सामने बातमीला भावतात, भावलेच पाहिजेत. पण ते बाद पद्धतीचे फुटबॉल आहे.

आपल्याकडे हीच पद्धत डोक्यात पक्की बसली आहे. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशी बाद फेरीनेच चालते. गणेशोत्सवाच्या किंवा जयंतीच्या चषकाचेही तेच. एक पराभव झाला की पिशवी आवरून घरी. त्यामुळे मुलांना बरोबरीची किंमत कळत नाही आणि बातमीदारालाही शेवटचा दिवस तेवढा दिसतो. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे आठ संघ घेऊन घरी-बाहेर लीग घेतली तर ५६ सामने होतील, प्रत्येकाला १४. दर रविवारी चार सामने ठेवले तर नोव्हेंबरमध्ये सुरू करून परीक्षांच्या आत चौदा आठवड्यांत संपते. अडचण येते ती उत्तरार्धात: ज्यांना आशा उरत नाही ते संघ हिंगोलीहून धाराशिवचा प्रवास टाळतात आणि समोरच्याला फुकटचे तीन गुण मिळतात. त्यावर उपाय चॅम्पियनशिपसारखाच, वर प्ले-ऑफ आणि खाली घसरण, म्हणजे मधल्या संघांनाही शेवटपर्यंत कारण राहते.

आपल्याकडून एवढेच हवे आहे. इंग्लंडमधला मंगळवारचा सामना आपल्या घड्याळात हिवाळ्यात रात्री सव्वा वाजता आणि उन्हाळ्यात सव्वाबाराला सुरू होतो. डाक आवृत्ती तोवर छापून गाडीत पडलेली असते, म्हणून आठवड्यामधले निकाल आमच्यापर्यंत येतच नाहीत. तेव्हा दर शुक्रवारी चॅम्पियनशिपचा पूर्ण तक्ता छापावा. त्यात सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोलफरक आणि गुण असे सहा रकाने असावेत. नुसते गुण छापले तर काहीच कळत नाही. दुसऱ्या, प्ले-ऑफच्या शेवटच्या आणि एकविसाव्या संघाखाली रेघ मारावी. जागा कमी असेल तर सामन्याचे छायाचित्र वगळले तरी चालेल.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक,
परभणी